भिंतीआडच्या बागा

स्कॉटलंड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? धुके, उघडेबोडके डोंगर, मेंढ्यांचे कळप, चौकड्यांचा घागरा नेसून कातडी पिशवीचा बाजा फुंकणारे पलटणीतले पुरुष, आणि ज्यांना त्या विषयात गती आहे त्यांच्यापुढे एक विशिष्ट आकाराची बाटली. बाग काही उभी राहत नाही. त्यात आपला दोष नाही. नकाशा काढून पाहिला तर एडिंबरो शहर मॉस्कोच्या बरोबरीने, किंबहुना किंचित अधिकच उत्तरेला बसलेले आहे. नोव्हेंबरात तिथे दुपारी साडेचारच्या सुमारास दिवेलागण होते. पश्चिम किनाऱ्यावर पाऊस कोकणासारखा, पण कोकणात तो निदान दसऱ्याला निरोप घेतो. इथे बारा महिने मुक्काम. वारा समुद्रावरून येतो तो मीठ घेऊनच येतो. जमीन म्हणावी तर एक तर खडक, नाही तर पीट नावाचा कुजक्या शेवाळाचा काळा चिखल. तो वाळवून लोक चुलीत घालतात. अशा मुलुखात माणसाने फार तर चार बटाटे लावावेत आणि उगवले तर देवाचे आभार मानावेत.

आणि नेमक्या याच मुलुखात जगातल्या काही उत्तम बागा आहेत.

माझ्या हाताखालून गेलेला एक विद्यार्थी एडिंबरोत नोकरीला आहे. काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत त्याच्या आग्रहाने मी तिकडे गेलो. विमानतळावरून घरी जाताना तो म्हणाला, "सर, किल्ले पाहायचे की दारूच्या भट्ट्या? पाहुणे दोन्ही मागतात." मी म्हटले, "बागा." त्याने माझ्याकडे असे पाहिले, की शाळेत गृहपाठ न करता आल्यावर तो जसा पाहत असे तसेच. पण पोरगा गुणी. त्याने गाडी काढली आणि तीन आठवडे माझा हट्ट पुरवला. त्या तीन आठवड्यांत जे पाहिले आणि मग परत येऊन जे वाचले, त्यातले थोडे या दिवाळीत वाचकांपुढे ठेवतो आहे. सगळ्या बागांची जंत्री देण्याचा इरादा नाही. जंत्रीसाठी प्रवासी कंपन्यांची पत्रके आहेत. मला सांगायचे आहे ते या बागा केल्या कोणी, त्याबद्दल.

तिथली बाग समजून घ्यायची तर आधी भिंत समजून घ्यावी लागते. आपल्याकडे बागेला कुंपण असते ते गुरांसाठी आणि शाळकरी पोरांसाठी. तिथे भिंत असते वाऱ्यासाठी. पुरुषभर किंवा त्याहून उंच दगडी भिंत घालून आत एक चौक अडवायचा. दिवसभर मिळेल तेवढे ऊन भिंतीचे दगड पिऊन ठेवतात आणि रात्री ते आतल्या झाडांना परत देतात. दक्षिणेकडे तोंड करून असलेल्या भिंतीला नासपती, सफरचंदाची झाडे अक्षरशः खिळ्यांनी आणि दोऱ्यांनी चिकटवून वाढवतात. आजारी माणसाला शेकोटीशेजारी बसवावे तसे. भिंतीच्या आत जून, भिंतीबाहेर फेब्रुवारी, असा प्रकार मी स्वतः अनुभवला. फाटकातून आत गेलो आणि मफलर काढावा लागला.

अशा भिंतींत सर्वांत नवलाची भिंत एड्झेलची. डंडी शहराच्या उत्तरेला, डोंगरपायथ्याशी, तांबड्या दगडाच्या पडक्या वाड्याला लागून ही बाग आहे. सर डेव्हिड लिंडसे नावाच्या सरदाराने ती १६०४ साली बांधली. म्हणजे आपल्याकडे मलिक अंबर निजामशाहीचा डोलारा सावरीत होता तो काळ. हा लिंडसे विद्वान माणूस. त्याने वाऱ्यासाठी भिंत बांधली खरी, पण तिच्यावर एक अख्खी शाळाच कोरून घेतली. पूर्वेच्या भिंतीवर सात ग्रहदेवता, दक्षिणेच्या भिंतीवर सात विद्या, पश्चिमेच्या भिंतीवर सात सद्गुण. व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, संगीत, भूमिती, ज्योतिष अशा बायका दगडात बसल्या आहेत. मी मास्तर, अंकगणिताच्या बाईपुढे जरा जास्तच वेळ उभा राहिलो. मधल्या मधल्या जागेत भिंतीला चौकोनी खण पाडलेले आहेत. लिंडसे घराण्याच्या ढालीवर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन होते, त्यांचीच ती नक्कल. त्या खणांत फुले लावायची, म्हणजे घराण्याचे निशाण फुलांनी रंगून निघे. वर दगडी तारे आहेत आणि ताऱ्यांच्या पोटात भोके. त्यांत पाखरांनी घरटी करावीत अशी योजना!

हे सगळे करून सर डेव्हिड १६१० साली वारला, तो कर्जात बुडून. सहा वर्षांचे वैभव. पुढच्या पिढ्या कर्ज फेडता फेडता थकल्या आणि १७१५ साली इस्टेट विकली गेली. ज्याने घेतली तो सरदार त्याच वर्षीच्या बंडात सामील झाला आणि त्याची सगळी मालमत्ता सरकारजमा झाली. अठराव्या शतकात वाड्याची छपरेही उतरवून विकली. भिंत मात्र कोणी विकू शकले नाही, कारण नुसती भिंत विकत घेणार कोण? ती राहिली. १९३० च्या दशकात सरकारने जागा ताब्यात घेऊन आत नव्याने बाग मांडली. आज आपण पाहतो ती झाडे नवी, भिंत जुनी. कोरणाऱ्या पाथरवटाचे नाव कुठे दिसते का म्हणून मी भिंतीभोवती दोन फेऱ्या घातल्या. दारावर सरदाराची आणि त्याच्या बायकोची राजचिन्हे आहेत, सन आहे. पाथरवट नाही.

यानंतर ड्रमंड आणि क्रॅथिस ही दोन नावे घेऊन पुढे जातो. दोन्ही देखण्या बागा आहेत, दोन्ही पाहाव्यात. ड्रमंडच्या किल्ल्याखाली सेंट अँड्र्यूच्या फुलीच्या आकारात आखलेली बाग वरच्या गच्चीतून गालिचासारखी दिसते आणि तिच्या मधोमध जॉन मिल्न या राजाच्या गवंड्याने १६३० साली घडवलेले दगडी सूर्यघड्याळ आहे. ज्या देशात सूर्य महिन्यातून मोजके दिवस दिसतो, तिथे सूर्यघड्याळाची एवढी हौस कशी, हा प्रश्न मी विद्यार्थ्याला विचारला. तो म्हणाला, "सर, आशा." क्रॅथिसला यू वृक्षाची कुंपणे आहेत, १७०२ साली लावलेली. तीनशेहून अधिक वर्षे माळी त्यांना कात्री लावत आले, तेव्हा ती आज मातीच्या भिंतीसारखी घट्ट आणि गोलाईदार झाली आहेत. पण इतकी नीटनेटकी बाग मला फार वेळ मानवत नाही. तिथे बसण्याऐवजी सावधान उभे राहावेसे वाटते.

खरी गोष्ट आहे ती एडिंबरोच्या वनस्पतिबागेची.

रॉबर्ट सिबाल्ड आणि अँड्र्यू बॅल्फर हे दोन वैद्यकीतले डॉक्टर. आपल्या शहरात औषधाच्या नावाखाली वाटेल तो पाला विकला जातो, तेव्हा निदान पुढच्या डॉक्टरांना खरी वनस्पती डोळ्यांनी ओळखता यावी, म्हणून त्यांनी होलीरूड राजवाड्याजवळ जेमतेम चाळीस फूट लांब आणि तितकाच रुंद असा एक तुकडा मिळवला आणि तिथे औषधी झाडे लावली. साल १६७०. त्याच साली इकडे तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला. माझ्या वर्गातल्या मुलांना सनावळी अशी जोडून सांगितली की लक्षात राहते, म्हणून इथेही ती सवय सुटत नाही.

झाडांची निगा ठेवायला त्यांनी जेम्स सदरलंड नावाचा तरुण नेमला. हा कोणत्याही विद्यापीठाचा पदवीधर नव्हता. स्वतःच्या मेहनतीने झाडे आणि जुनी नाणी यांचा व्यासंग केलेला माणूस. त्याने देशोदेशी पत्रे लिहून बिया मागवल्या, बाग वाढली, शहराच्या मध्यावर किल्ल्याखालच्या तलावाच्या काठाशी दुसरी जागा मिळाली आणि १६८३ साली त्याने बागेतल्या झाडांची यादी छापली. तीत सुमारे २००० वनस्पती होत्या. मग १६८९ साल उजाडले. इकडे संभाजीराजांचा वध झाला ते हे वर्ष. तिकडे राजगादीच्या भांडणात किल्ल्याला वेढा पडला. वेढ्याच्या धामधुमीत तलावाचे पाणी सोडले गेले आणि ते थेट बागेत शिरले. गटाराची घाण आणि गाळ यांखाली सदरलंडची बरीचशी झाडे कुजून गेली. तेरा-चौदा वर्षांची जोपासना. दोन राजांच्या भांडणात त्या बिचाऱ्या झाडांचा काय संबंध? सदरलंडने बाग पुन्हा उभी केली. पुढे तो विश्वविद्यालयात वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापकही झाला. मॅट्रिकपुढे न गेलेल्या माझ्यासारख्याला या माणसाविषयी थोडा अधिक जिव्हाळा वाटला तर वाचकांनी समजून घ्यावे. त्याची बाग जिथे होती तिथे आता वेव्हर्ली रेल्वे स्टेशन आहे. फलाटावर एक पाटी लावलेली आहे. गाडी पकडणारी माणसे तिच्या अंगावरून धावत जातात.

पुढच्या शतकात, १७६३ साली, जॉन होप या प्राध्यापकाने बाग शहराबाहेर लीथच्या रस्त्यावर नेली. होप हा हाडाचा शिक्षक. बागेच्या दारातल्या छोट्या घराच्या माडीवर तो वर्ग घेई. मोठमोठे रंगीत तक्ते टांगून शिकवी. त्याच्या हाताखालून विल्यम रॉक्सबर्ग तयार झाला. तोच पुढे कलकत्त्याच्या बागेचा प्रमुख होऊन हिंदुस्थानच्या वनस्पतिशास्त्राचा पाया घालणारा गृहस्थ. ते छोटे घर पाडायची वेळ आली तेव्हा लोकांनी त्याचा दगड न् दगड क्रमांक घालून उतरवला आणि आजच्या बागेत पुन्हा रचला. २०१६ साली ते उघडले. होपचा मुख्य माळी जॉन विल्यमसन बागेचे काम सांभाळून जकातीचीही नोकरी करी. १७८० साली चोरटा माल पकडताना तस्करांनी त्याला ठार मारले. प्राध्यापकाने आपल्या माळ्याच्या नावाचा दगड बागेत लावला. माळ्याच्या नावाचा दगड! साऱ्या प्रवासात मला असे फार दिसले नाही.

१८२० मध्ये बाग पुन्हा हलली, आता इन्व्हरलीथला, आजच्या जागी. या वेळी विल्यम मॅकनॅब या प्रमुख माळ्याने चमत्कार केला. त्याने झाडे उचलून नेण्याचा एक गाडाच बनवला. मुळांभोवतीचा मातीचा गड्डा न फोडता, चाळीस फूट उंचीपर्यंतची वाढलेली झाडे घोड्यांच्या ताकदीने शहराच्या रस्त्यांतून उभीच्या उभी मिरवत नेली. दोन-तीन वर्षे हे चालले होते. गणपतीच्या मिरवणुकीसारखे लोक दुतर्फा पाहायला उभे राहत असतील. त्या मिरवणुकीत बर्म्युडातून आलेले एक ताडाच्या जातीचे झाडही होते. ते नव्या काचघरात दोनशे वर्षे वाढत राहिले, छताला टेकले. २०२१ साली काचघरांची दुरुस्ती निघाली, तेव्हा मात्र ते हलवता येईना, आणि तोडावे लागले. घोड्यांच्या काळात जे जमले ते आपल्या यंत्रांच्या काळात जमले नाही. अर्थात मधल्या दोनशे वर्षांत झाडही वाढले होते, हे विसरून चालणार नाही.

आता या बागेत मला जे सापडले ते सांगतो. मी चिंचवडच्या एका शाळेत शिकवतो. रोज सकाळी शिवाजीनगरला लोकल धरतो. खडकी मागे पडते, पूल येतो आणि मग दापोडी. दापोडी म्हणजे एस. टी. ची कार्यशाळा, गर्दी आणि चढणारी-उतरणारी कामगार मंडळी. एडिंबरोच्या बागेच्या ग्रंथालयात मी एक जाडजूड पुस्तक उघडले आणि पहिल्याच पानावर दापोडी! इंग्रजांच्या उच्चाराप्रमाणे 'दापुरी' असे लिहिलेले, पण दापोडीच.

हकिकत अशी. पेशव्यांच्या कवायती फौजेचा इंग्रज अधिकारी फोर्ड याचा दापोडीला मुळेकाठी बंगला होता. याच फोर्डची पलटण १८१७ साली खडकीच्या लढाईत पेशव्यांना सोडून इंग्रजांना जाऊन मिळाली. पुढे मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने तो बंगला घेतला आणि १८२८ साली तिथे वनस्पतिबाग सुरू केली. माल्कम हा स्कॉटलंडच्या दक्षिण सरहद्दीवरच्या लँगहोम भागातला. १८३८ पासून बागेचा कारभार पाहिला डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन याने. तोही स्कॉटिश, एडिंबरोत वैद्यकी शिकलेला. देवीची लस टोचत तो दख्खन आणि खानदेश पायाखाली घालून आला होता आणि त्याला मराठी चांगले येत असे. दापोडीत आणि जुन्नरकडच्या हिवऱ्याला त्याने सोनामुखीसारख्या औषधी वनस्पती सरकारी दवाखान्यांसाठी पिकवल्या. म्हणजे होलीरूडच्या त्या चाळीस फुटी तुकड्यात दोन डॉक्टरांनी जे आरंभले, त्याचीच एक फांदी मुळेच्या काठी येऊन रुजली होती.

गिब्सनने एका चित्रकाराला कामावर ठेवले होते. १८४७ ते १८५० च्या दरम्यान त्या चित्रकाराने बागेतल्या आणि आसपासच्या झाडांची सुमारे १७० रंगीत चित्रे काढली. देशी झाडे आणि बाहेरून आणून लावलेली, दोन्ही. ती चित्रे आज एडिंबरोच्या बागेच्या संग्रहात जपून ठेवली आहेत. हेन्री नोल्टी या तिथल्याच अभ्यासकाने ती २००२ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. मी पाहिले ते हेच पुस्तक. पानाची शीर न् शीर, देठावरची लव, किडीने खाल्लेली कडासुद्धा. ज्याने ही काढली तो आधी झाडापुढे तास न् तास बसला असला पाहिजे. झाडांची लॅटिन नावे आहेत, बागेच्या प्रमुखाचे नाव आहे, गव्हर्नरांची नावे आहेत. चित्रकाराची नोंद एवढीच, की तो हिंदी पोर्तुगीज होता. नाव नाही. त्याचे घर, त्याचे गुरू, त्याचा पगार यांपैकी काहीही चित्रांवर नाही. विद्यार्थी मला न्यायला आला तेव्हा मी ते पुस्तक मिटायला तयार नव्हतो. तो म्हणाला, "सर, ग्रंथालय बंद होतंय." मग मिटले.

गिब्सनचे पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. कोकणातली आणि घाटमाथ्यावरची जंगले तुटत चालली की झरे आटतात, पाऊस बिघडतो, अशी पत्रे तो १८४० च्या दशकापासून सरकारला लिहीत होता. १८४७ साली त्याला मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक नेमले. आपल्याकडच्या जंगलखात्याचा हा आरंभ. झाडे वाचवायला निघालेला हा माणूस खराच तळमळीचा. पण खाते मोठे झाले तसे रानावर जगणाऱ्यांचे रान बंद होत गेले. गुरे चारायला गेला तर दंड, मोळी आणली तर दंड. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये या जंगलखात्यावर जे कोरडे ओढले आहेत ते वाचावेत. बागेची भिंत ही अशी दोन्ही बाजूंनी पाहावी लागते. आतून ती आडोसा, बाहेरून अडसर. खुद्द स्कॉटलंडात ही गोष्ट आणखी उघडी आहे. मेंढ्यांसाठी जमीन मोकळी करायची म्हणून डोंगराळ भागातल्या कुळांना पिढीजात घरांतून हुसकून लावले गेले. १८१४ साली स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यात तर घरांची छपरे पेटवून दिली. ज्या मोकळ्या, भव्य, निर्जन सौंदर्याचे फोटो आपण काढतो, ते पुष्कळ ठिकाणी मुळात निर्जन नव्हते.

मे महिन्यात तिकडे जाणाऱ्याला एक झाड जागोजाग भेटते, ऱ्होडोडेंड्रॉन. हिमाचलात, गढवालात गेलेल्यांनी ते बुरांस या नावाने पाहिले असेल. पश्चिम किनाऱ्यावरच्या बागांत त्याचे तांबडे, जांभळे, पांढरे डोंगरच्या डोंगर फुललेले असतात आणि स्थानिक माणूस ते आपल्याच गावचे असल्याच्या थाटात दाखवतो. ते आपल्या हिमालयातून आणि त्याच्या पलीकडच्या चीनमधून गेलेले. ग्लासगोत वाढलेल्या जोसेफ हूकरने १८४८ ते १८५० या काळात सिक्कीमच्या दऱ्याखोऱ्यांतून त्याचे बी पाठवले. सिक्कीमच्या दिवाणाने १८४९ मध्ये त्याला काही आठवडे कैदेतही ठेवले होते. त्याच्या पेट्या आणि गाठोडी पाठीवरून वाहिली ती लेपचा आणि भोटिया हमालांनी.

दुसरा जॉर्ज फॉरेस्ट, फॉल्कर्कचा. एडिंबरोच्या बागेत वाळलेल्या झाडांचे कागद लावणारा साधा नोकर. १९०४ पासून १९३२ पर्यंत त्याने चीनच्या युन्नान प्रांतात सात सफरी केल्या. १९०५ साली तिबेटच्या सरहद्दीवर लामांच्या उठावात त्याच्याबरोबरची बहुतेक माणसे मारली गेली. तो स्वतः पायांतले बूट काढून टाकून, ओढ्यांच्या पाण्यातून, आठ-नऊ दिवस उपाशी लपतछपत निसटला. इतके झाल्यावर माणूस घरी बसला असता. हा पुन्हा गेला. पण आता त्याने लीजियांगजवळच्या नाशी जमातीच्या गावकऱ्यांना झाडे ओळखायला, वाळवायला, बी वेचायला शिकवले. त्यांचा म्होरक्या झाओ चेंगझांग. फॉरेस्टच्या नावावर जे ३०,००० हून अधिक वाळवलेले नमुने आहेत, त्यांतले कितीतरी या झाओने आणि त्याच्या गाववाल्यांनी बर्फात चढून आणलेले. अलीकडे तिथले अभ्यासक ही गोष्ट उघड मान्य करू लागले आहेत, हे मात्र त्यांच्या पदरी पुण्य टाकले पाहिजे.

याच झाडाची एक जात, तुर्कस्थान आणि स्पेनकडून आणलेली, कुंपण ओलांडून रानात शिरली. आता ती पश्चिमेकडच्या जुन्या जंगलांत अशी माजली आहे, की तिच्याखाली गवताची काडी उगवत नाही. दरवर्षी माणसे लावून ती उपटावी लागते. बागेत हौसेने आणलेली घाणेरी आपल्याकडे डोंगर खाऊन बसली, तोच प्रकार.

शेवटची बाग इन्व्हर्यू. एडिंबरोहून मोटारीने पाच-साडेपाच तास, आणि शेवटचा रस्ता मारी सरोवराच्या काठाने. हा रस्ता १८४० च्या दशकात बटाट्याचे पीक कुजून दुष्काळ पडला तेव्हा दुष्काळी काम म्हणून झाला. पोटासाठी फोडलेली खडी. ७२ च्या दुष्काळात आमच्या घरच्या माणसांनी अशीच खडी फोडल्याच्या गोष्टी मी लहानपणी ऐकत वाढलो, तेव्हा त्या सुंदर सरोवराकडे पाहताना माझे लक्ष वारंवार रस्त्याकडेच जात होते. हे दुष्काळी काम मिळवण्यासाठी खटपट करणाऱ्यांत तिथली जमीनदारीण मेरी मॅकेंझी होती. तिने आपल्या मुलाला, ऑसगुडला, कुळांची गेलिक भाषा मुद्दाम शिकवली होती. आणि १८६२ साली तिने त्याच्यासाठी इन्व्हर्यूची इस्टेट घेतली.

मुलगा वीस वर्षांचा. मिळालेल्या जमिनीत समुद्रात घुसलेले एक नाक होते. गेलिकमध्ये त्याचे नाव 'उंच ढेकूळ' अशा अर्थाचे. तांबडा खडक, वर थोडे पीट, आणि सगळ्या नाकावर झाड म्हणावे असे एकच, तीन फुटांचे विलोचे झुडूप. अक्षांश जवळजवळ ५८. जमेची बाजू एकच: अटलांटिकमधून येणारा कोमट पाण्याचा प्रवाह या किनाऱ्याला शेकून जातो, म्हणून कडाक्याचे हिव पडत नाही. वाऱ्याचे काय? ऑसगुडने आधी काठाकाठाने पाइनची झाडे लावली, खारट वारा झेलायला. पहिली चार-पाच वर्षे ती झाडे वाढतच नव्हती. शेजारीपाजारी हसले असतील. आत फुलझाडे लावण्याजोगा आडोसा व्हायला पंधरा-वीस वर्षे गेली. म्हणजे विशीत बी टाकायचे आणि चाळिशीत बागेला सुरुवात करायची. माझे वय साधारण तेच, म्हणून हा हिशेब मला जरा टोचला.

आणि माती? ती नव्हतीच. ती टोपल्यांतून, माणसांच्या पाठीवरून आली. समुद्राच्या काठालगत वळणावळणाने जाणारा भाजीचा मळा केला तो गोट्यांच्या किनाऱ्यावर. गोटे उचलून समुद्रात टाकायचे आणि त्यांच्या जागी आणलेली माती भरायची. ऑसगुडने १९२१ साली, वयाच्या ऐंशीच्या घरात, 'डोंगराळ मुलुखातली शंभर वर्षे' अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहिले. मोठे रसाळ पुस्तक आहे. त्यात त्याने मातीच्या त्या टोपल्यांचा उल्लेख केला आहे. टोपल्या वाहणाऱ्यांची नावे गेली ती गेली, पण निदान टोपल्या तरी राहिल्या.

१९२२ साली तो वारला. मग तीस वर्षे बाग सांभाळली ती त्याची मुलगी मायरी हिने. १९१४ साली राहते घर जळाले होते. तिने १९३७ मध्ये नवे बांधले. दुसऱ्या महायुद्धात बागेसमोरच्या खाडीत रशियाला रसद नेणाऱ्या जहाजांचे काफिले जमू लागले. उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात जाण्यापूर्वी खलाशांच्या डोळ्यांना शेवटचे दिसे ते हे हिरवे नाक. १९५२ साली मायरीने बाग स्कॉटलंडच्या राष्ट्रीय न्यासाच्या हवाली केली आणि पुढच्याच वर्षी ती गेली.

आज तिथे ऑस्ट्रेलियाचे निलगिरी, न्यूझीलंडचे झाडाएवढे नेचे, चिलीची, हिमालयाची झाडे एकमेकांना लागून उभी आहेत, ५८ अक्षांशावर! वाचकांपैकी कोणाला जायचे असेल तर मेअखेर गाठावी. ऱ्होडोडेंड्रॉन तेव्हा अजून असतात. जुलैत गेलात तर मिज नावाची चिलटे झुंडीने चावतात, त्यांवर मलम लागते. रेनकोट सर्वकाळ. मी गेलो त्या दिवशी वारा असा होता की फाटकावर छत्री उलटी झाली. मग पाइनच्या झाडांची रांग ओलांडली आणि वारा एकदम थांबला. वर शेंड्यांत नुसता त्याचा आवाज. भाजीच्या मळ्यात फुलांच्या वाफ्यांशेजारी कोबी, कांदे आणि बटाटे लावले होते. एक माळी गुडघ्यांवर बसून तण काढत होता. विद्यार्थ्याने त्याला सांगितले की हे माझे मास्तर, हिंदुस्थानातून बागा पाहायला आले आहेत. तो उठला, हात पँटला पुसले, पुढे केले. मी त्याला आधी त्याचे नाव विचारले. त्याने सांगितले, मग आम्ही बटाट्यांविषयी बोललो.